साहेलची भूक एकाच मापाने मोजायची तर

साहेल म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेचा कोरडा पट्टा. त्यातल्या नायजर देशाच्या दक्षिण भागात मराडी नावाचं शहर आहे. भोवतालचा मुलूख म्हणजे त्या देशाचं बाजरीचं कोठार. नायजेरियाची हद्द तिथून हाकेच्या अंतरावर. हद्दीच्या अलीकडे-पलीकडे बोली हौसाच, पिकं तीच (बाजरी, ज्वारी, चवळी), आणि आठवडी बाजारात फिरणारे व्यापारीही तेच. २००५ साली नायजरमध्ये मुलांच्या कुपोषणाचं मोठं संकट आलं. त्याची सर्वांत मोठी झळ बसलेल्या भागांत हे कोठारही होतं. आदल्या हंगामात पाऊस लवकर आटोपला होता, टोळधाडही झाली होती. तरी देशाचं एकूण धान्य पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा साधारण दहाव्या हिश्शानेच कमी होतं. नुसत्या पिकाच्या तक्त्यावर बोट ठेवून बसणाऱ्याला यात मुलं मरण्यासारखं काही दिसलं नसतं.

घडलं ते बाजारात. नायजेरियात भाव चढे होते, त्यामुळे धान्य तिकडे ओढलं गेलं. शेजारच्या देशांनी आपापलं धान्य बाहेर जाऊ नये म्हणून निर्यातीवर बंधनं घातली. दरवर्षी हद्द ओलांडून येणारी पोती आलीच नाहीत. जुनं संपलेलं आणि नवं अजून शेतात, अशा दिवसांत मराडीच्या शेतमजुराला बाजरी परवडेनाशी झाली. अशी भूक एकट्या देशाच्या कचेरीत बसून मोजता येत नाही. धान्य, गुरं आणि माणसं हद्द ओलांडतात, तेव्हा हद्दीच्या दोन्ही बाजूंनी, एकाच महिन्यात आणि एकाच मापाने मोजावं लागतं. पश्चिम आफ्रिकेने असं माप उभं केलं आहे. त्याची नीट ओळख मराठीत व्हावी म्हणून हे सविस्तर लिहितो.

आपल्याकडे १९७२ चा दुष्काळ पडला, तेव्हाच साहेलमध्येही मोठा दुष्काळ चालू होता. आपल्याकडे त्यातून रोजगार हमी उभी राहिली. तिकडे १९७३ मध्ये साहेलच्या देशांनी मिळून 'सिल्स' ही दुष्काळ निवारणाची आंतरदेशीय समिती स्थापन केली. तिचं मुख्यालय बुर्किना फासोच्या वागादुगूत. पुढच्याच वर्षी नायजरची राजधानी न्यामे इथे हवामान, शेती आणि पाण्यावर लक्ष ठेवणारं 'आग्रीमेट' हे केंद्र निघालं. १९८४ मध्ये सरकारं, देणगीदार आणि संस्था यांना एका टेबलाशी बसवणारं अन्नसंकट प्रतिबंधाचं जाळं तयार झालं. १९९९ पासून जी पद्धत घडत गेली तिचं फ्रेंच नाव 'काद्र आर्मोनिझे', म्हणजे एकसूत्री चौकट. नायजेरिया सिल्सचा सदस्य नाही, तरी तो याच चौकटीत मोजतो. मला ही फार मोलाची गोष्ट वाटते, कारण नायजेरिया बाहेर राहिला असता तर बाकीच्यांचं मोजमाप अर्धंच राहिलं असतं. नायजेरियातल्या कानो शहराजवळचा दवानाऊ बाजार हा पश्चिम आफ्रिकेतला धान्याचा सर्वांत मोठा बाजार मानला जातो. तिथला भाव हलला की न्यामेतल्या चुलीपर्यंत त्याची धग पोचते.

चौकट वर्षातून दोनदा चालते. पहिली फेरी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पीक हाती येताना. दुसरी फेब्रुवारी-मार्चमध्ये. प्रत्येक फेरीत दोन चित्रं काढतात: आजची स्थिती आणि येत्या जून ते ऑगस्टचा अंदाज. या तीन महिन्यांना तिकडे फ्रेंचमध्ये 'सुद्यूर' म्हणतात. शब्दशः अर्थ सांधा, जुन्या आणि नव्या धान्यामधला. कणगी रिकामी, पाऊस पडतोय, शेतात कामं जोरात, मलेरिया आणि हगवणीचेही हेच दिवस. म्हणजे अंगमेहनत सर्वांत जास्त आणि ताटात सर्वांत कमी. मार्चमधला अंदाज याच महिन्यांसाठी असतो, कारण मदतीचं धान्य विकत घेऊन, बंदरातून ट्रकने वाळवंटाच्या कडेपर्यंत पोचवायला काही महिने लागतात. जूनमध्ये कळून उपयोग नसतो.

मोजायचं काय? चार गोष्टी: घरात काय खाल्लं जातं, पोट भरण्यासाठी घर काय विकतं किंवा मोडतं, मुलांची शरीरं काय सांगतात, आणि मृत्यू किती होतात. त्यामागची कारणं, म्हणजे पीक, भाव, पाणी, रोग, हिंसाचार, वेगळी मांडतात. सगळं जुळवून प्रत्येक जिल्ह्याची लोकसंख्या पाच टप्प्यांत वाटतात. पहिला टप्पा ठीकठाक, दुसरा ताणाचा, तिसरा संकटाचा, चौथा आणीबाणीचा, पाचवा दुष्काळमृत्यूंचा. नकाशावर अनुक्रमे फिकट हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल आणि गडद लाल.

खाण्याचं मोजमाप वरवर सोपं दिसतं आणि तिथेच सर्वांत जास्त घसरायला होतं. गेल्या सात दिवसांत आठ गटांतलं काय किती दिवस खाल्लं, ते विचारतात. प्रत्येक गटाला भार ठरलेला आहे. तृणधान्य-कंदमुळं २, कडधान्य ३, भाजी १, फळ १, मांस-मासे-अंडी ४, दूध ४, साखर अर्धा, तेल अर्धा. दिवस गुणिले भार, आणि मग बेरीज. २१ पर्यंत वाईट, ३५ पर्यंत काठावर, त्यावर बरं. जिथे तेल-साखर रोजचीच असते तिथे हे उंबरे २८ आणि ४२ धरतात.

आता एक घर घ्या. बाजरीचा घट्ट सांजा सातही दिवस, म्हणजे १४. चवळी एक दिवस, ३. पाल्याचं कालवण चार दिवस, ४. तेल तीन दिवस, दीड. चहात साखर चार दिवस, २. बेरीज साडेचोवीस, काठावरचं घर. पण त्या पाल्याच्या कालवणात चवीपुरती सुक्या मासळीची पूड पडते, आपल्याकडे जवळा भुरभुरावा तशी. पाहणी करणाऱ्याने विचारलं, "मासे खाल्ले का?" बाई म्हणाली, "हो, रोज." त्याने सात दिवस मासे लिहिले. सात गुणिले चार, अठ्ठावीस. साडेचोवीसचे साडेबावन्न झाले आणि काठावरचं घर कागदावर खाऊनपिऊन सुखी झालं. चमचाभर पूड मसाल्यात धरायची, तिला भार शून्य. चहातल्या दुधाचंही तसंच. म्हणून प्रश्न विचारताना 'किती दिवस' याच्या जोडीला 'किती' हेही विचारावं लागतं, आणि प्रशिक्षणात हे कालवण शिजवून दाखवलं तर उत्तमच. बेनिनमधल्या पाहणीदाराने पूड मासळीत धरली आणि नायजरमधल्याने मसाल्यात, तर दोन्ही देशांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात काही अर्थ उरत नाही. एकाच मापाचा आग्रह असा थेट कालवणापर्यंत जातो.

जोडीला तडजोडींची विचारणा असते. हलकं धान्य खाल्लं का, उसनं आणलं का, घास कमी केले का, जेवणाची वेळ टाळली का, मुलांसाठी मोठ्यांनी स्वतः खाणं सोडलं का. शेवटच्याला ३ गुण, उसनवारीला २, बाकीच्यांना १. बेरीज ३ पर्यंत असेल तर पहिला टप्पा, १८ पर्यंत दुसरा, १९ पासून तिसरा किंवा त्याहून वाईट. इथला धोका असा की अगदी गांजलेल्या घराचे गुण कधीकधी कमी निघतात. उसनं द्यायला शेजारी उरलेला नाही, कमी करायला घास उरलेला नाही, मग उत्तर 'नाही' येतं. म्हणून हा आकडा एकटा कधीच वाचायचा नाही. त्याच्या शेजारी भुकेचे तीन थेट प्रश्न हवेत: गेल्या महिन्यात घरात खायला काहीच नव्हतं असं झालं का, उपाशी झोपावं लागलं का, पूर्ण दिवस-रात्र अन्नाविना गेली का.

मुलाचा दंड आणि उंचीची फळी

मुलांची मापं सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांची घेतात. डावा हात कोपरात काटकोनात वाकवायचा, खांद्याचं टोक आणि कोपराचं टोक यांच्यामधलं अंतर मोजून मध्यावर खूण करायची, मग हात सैल सोडून त्या खुणेवर पट्टी गुंडाळायची. पट्टी कातडीला टेकलेली हवी, रुतलेली नको. ११५ मिलिमीटरच्या खाली तीव्र कुपोषण, ११५ ते १२५ मध्यम. आपल्या अंगणवाडीत वापरली जाते तीच ही पट्टी, तेच उंबरे. चुका ठरलेल्या असतात. खूण नजरेने करणं, हात वाकलेलाच ठेवून मोजणं, आणि मिलिमीटर न वाचता फक्त रंग बघून आकडा लिहिणं.

दुसरं माप उंचीला वजन. ८७ सेंटिमीटरपेक्षा लहान मूल फळीवर निजवून, मोठं उभं करून, एक दशांश सेंटिमीटरपर्यंत. याला दोन माणसं लागतातच, एक डोकं धरायला आणि एक पाय. मूल रडतं, टाच उचलतं, गुडघा वाकवतं. उंची एक सेंटिमीटर कमी लिहिली गेली की तेच वजन जास्त भरल्यासारखं दिसतं आणि कुपोषित मूल यादीतून निसटतं. तिसरं, पायांची सूज. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून धरायचा. खड्डा दोन्हीकडे राहिला तर मूल तीव्र कुपोषित, वजन काहीही असो. सुजेच्या पाण्याने वजन वाढतं, म्हणून ही तपासणी गाळणं घातक.

पाहणीला निघण्याआधी प्रत्येक मोजणाऱ्याकडून दहा मुलांची मापं दोनदा घेतात. स्वतःच्याच दोन मापांत फरक पडणाऱ्याला मोजायचं काम देत नाहीत. पाहणी चालू असताना रोज संध्याकाळी आकडे तपासतात. उंचीचे आकडे शून्यावर आणि पाचावर गोळा होत असतील तर कोणीतरी अंदाजे लिहितंय. उंचीला वजनाच्या गुणांकाचं प्रमाण विचलन, म्हणजे आकड्यांची सरासरीभोवतीची पसरण, ०.८ ते १.२ च्या बाहेर गेलं तर मापातच गडबड आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गटाबरोबर पर्यवेक्षक गेला पाहिजे, आठवड्याने नाही.

दंडघेर आणि उंचीला वजन ही दोन मापं एकच मूल कुपोषित ठरवतील असं नाही. गुराख्यांच्या समाजांत मुलं लांब पायांची, सडपातळ असतात. तिथे उंचीला वजन जास्त मुलं कुपोषित दाखवतं आणि दंडघेर कमी. दोन्ही घ्यावीत आणि दोन्ही छापावीत असं माझं ठाम मत आहे. चौकटीत उंचीला वजनाने कुपोषित ठरलेल्या मुलांचं प्रमाण १० टक्क्यांवर गेलं की तिसरा टप्पा, १५ वर चौथा, ३० वर पाचवा.

बाजार आणि कुरण

भावांच्या नोंदीतही हातचलाखी नसताना चुका होतात. नायजरच्या बाजारात बाजरी 'तिया' नावाच्या भांड्याने विकतात, साधारण अडीच किलोचं. आपल्या पायलीसारखंच. शीग लावून दिलं तर वजन वेगळं, सपाट दिलं तर वेगळं, आणि टंचाईत शीग आपोआप खाली येते. भाव तोच राहतो, माप घटतं. म्हणून दर फेरीला तीन वेगवेगळ्या विक्रेत्यांची मापं काट्यावर घालून, सरासरी काढून, किलोचा भाव लिहायचा. तुलना गेल्या महिन्याशी नाही, त्याच महिन्याच्या पाच वर्षांच्या सरासरीशी. बाजरी दरवर्षी ऑगस्टात महाग आणि नोव्हेंबरात स्वस्त असतेच. त्या चढउताराला संकट समजणं चूक, आणि संकटाला चढउतार समजणं त्याहून मोठी चूक.

गुराख्याच्या घरी नुसता बाजरीचा भाव कामाचा नाही. एका बोकडात किती बाजरी येते ते बघायचं. समजा बोकड ३५,००० फ्रँकला (फ्रँक हे नायजरचं चलन) आणि बाजरी ३५० फ्रँक किलो, तर शंभर किलो. बोकड २८,००० वर आला आणि बाजरी ४०० वर गेली की सत्तर किलो. बाजरी सातवा हिस्सा महागली, पण घराचं धान्य तीस टक्क्यांनी घटलं. शिवाय नायजरची गुरं मुख्यतः नायजेरियात विकली जातात. फ्रँक युरोला ६५५.९५७ या दराने बांधलेला आहे, नायजेरियाचा नायरा मोकळा. २०२३ च्या जूनपासून नायरा कोसळला. नायजेरियन खाटकाने नायरात तेवढेच पैसे दिले तरी नायजरच्या धनगराच्या हाती फ्रँक कमी पडले. हे एका देशाच्या तक्त्यात दिसणार नाही. दोन्ही बाजूंचे भाव, दोन्ही चलनांत, शेजारी ठेवावे लागतात.

चाऱ्याचा अंदाज उपग्रहाच्या हिरवाईवरून पावसाळ्याच्या शेवटी काढतात. उपग्रहाला हिरवं दिसतं, पण गुरं ते खातात का हे दिसत नाही. म्हणून जमिनीवरून खात्री हवी: पाणवठे भरलेत का, वाटा मोकळ्या आहेत का, कळप दक्षिणेकडे नेहमीपेक्षा आधी उतरलेत का. आधी उतरलेला कळप म्हणजे वर चारा संपला. खालच्या शेतकऱ्याचं पीक अजून उभं असतं, तेव्हा भांडणं पेटतात. ही खबर खालच्या देशाला वेळेत देणं हेसुद्धा या सहकार्याचंच काम आहे.

टेबलाभोवती

सगळे आकडे आले की जिल्ह्यागणिक एक तक्ता भरतात. पीक, भाव, आरोग्य, गुरं, सांख्यिकी अशा खात्यांची माणसं आणि संस्थांची माणसं एकत्र बसतात आणि पुरावा तोलतात. गेल्या ऑगस्टमधला कुपोषणाचा आकडा मार्चमध्ये तसाच चालत नाही, हंगाम वेगळा. जिल्हा कुठल्या टप्प्यात हे वीस टक्क्यांच्या नियमाने ठरतं: सर्वांत वाईट टप्प्यापासून बेरीज करत यायचं, जिथे वीस टक्के लोक भरतात तो जिल्ह्याचा टप्पा. समजा पहिल्या टप्प्यात ४५ टक्के, दुसऱ्यात ३१, तिसऱ्यात १८ आणि चौथ्यात ६. चौथ्यात एकटे ६, वीस भरत नाहीत. तिसरा आणि चौथा मिळून २४, भरले. जिल्हा नारिंगी.

हा नियम सोयीचा आहे, पण रंग फसवतो. दहा लाख वस्तीच्या जिल्ह्यात १९ टक्के लोक संकटात असतील तर तो पिवळाच राहतो, आणि आत एक लाख नव्वद हजार माणसं भुकेली. ऐंशी हजारांच्या जिल्ह्यात २५ टक्के असतील तर तो नारिंगी, आणि माणसं वीस हजार. पैसा रंग बघून वाटला तर काय होईल ते उघड आहे.

देशांचे तक्ते झाले की प्रादेशिक पातळीवर ते एकमेकांना लावून बघतात. चाड सरोवराभोवती नायजेरियाचं बोर्नो, नायजरचा दिफा, चाडचा लाक आणि कॅमेरूनचा सुदूर उत्तर भाग एकमेकांना भिडतात. बंडखोरी एकच, विस्थापित तेच, मासळीचा बाजार तोच. तिथे हद्दीच्या एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला पिवळा आला, तर कारण द्यावं लागतं. कधी कारण खरं असतं: एका बाजूला मदत पोचली. कधी असं निघतं की एका बाजूच्या पाहणीतून असुरक्षित गावं गाळली गेली आणि उरलेल्या बऱ्या गावांचा आकडा जिल्ह्याचा म्हणून आला. माली, बुर्किना आणि नायजर यांच्या तिहेरी सीमेवरच्या लिप्ताको-गुर्मा भागात हे सतत होतं. आत जाता येत नसेल तर तिथून बाहेर येणाऱ्या माणसांची, पोचल्याबरोबर, मुलांच्या दंडघेरासकट विचारणा करतात. तो आकडा सगळ्या गावाचा नव्हे. चालत बाहेर येण्याची ताकद असलेल्यांचा. तसं स्पष्ट लिहावं लागतं.

मतभेद राजकारणाचेही असतात. कुठल्याही सरकारला लाल रंग आवडत नाही. म्हणून तांत्रिक सहमती आधी आणि प्रसिद्धी नंतर, असा क्रम या चौकटीत महत्त्वाचा आहे. एप्रिल आणि डिसेंबरच्या बैठकांत आकडे सगळ्यांसमोर येतात, एकट्या देशाला ते गुपचूप बदलणं अवघड जातं. माली, बुर्किना फासो आणि नायजर २९ जानेवारी २०२५ ला पश्चिम आफ्रिकी आर्थिक समुदायातून बाहेर पडले. सिल्स ही वेगळी संघटना असल्यामुळे मोजमापाचं टेबल मोडलं नाही. मात्र त्याच महिन्यात अमेरिकेचा पैसा थांबला आणि १९८५ पासून चालत आलेली 'फ्यूज नेट' ही पूर्वसूचना यंत्रणा बंद पडली. काही महिन्यांनी ती पुन्हा सुरू झाली, पण एक देणगीदार गेला तर किती डोळे मिटतात ते त्या काळात दिसलं.

उशिराची किंमत सोमालियाने मोजली आहे. पाच टप्प्यांची जागतिक पद्धत तिथेच २००४ मध्ये जन्मली. इशारे महिनोन् महिने आधी दिले जात होते. दुष्काळमृत्यूंचा टप्पा जाहीर झाला २० जुलै २०११ ला. पुढच्या अभ्यासाने एकूण सुमारे २ लाख ५८ हजार जादा मृत्यू मोजले, आणि त्यांतले बरेच त्या तारखेच्या आधीच होऊन गेले होते. पाचव्या टप्प्याच्या अटींत रोज दहा हजारांमागे दोन मृत्यू ही एक अट आहे. म्हणजे ती पूर्ण होईपर्यंत माणसं मेलेलीच असतात. कृती तिसऱ्या टप्प्यावर व्हायला हवी.

आपल्याकडची पैसेवारी इथे आठवते. पन्नास पैशांच्या आत आली की दुष्काळाची चर्चा सुरू होते. पण ती उभ्या पिकाचा अंदाज सांगते, मजुराच्या ताटाबद्दल काही सांगत नाही. नंदुरबारहून ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या घरातल्या मुलाचा दंडघेर तर मुळीच नाही.

साहेलचा नकाशा हाती आला तर आधी खालची तारीख बघा, चित्र आजचं आहे की जून-ऑगस्टच्या अंदाजाचं. मग रंग सोडून तक्त्यावर या आणि तिसऱ्या ते पाचव्या टप्प्यांतली माणसं मोजा. मग करडे भाग शोधा, जिथे मोजताच आलं नाही. शेवटी हद्दीवर बोट फिरवत जा, आणि जिथे रंग अचानक बदलतो तिथे थांबून पलीकडच्या देशाचा तक्ता उघडा.